पुडके हरवले, पण कोठे?

'नेट स्लो आहे' हे वाक्य मुंबईच्या उपनगरांत आज 'गाडी लेट आहे' इतक्याच सहजपणे बोलले जाते. फरक एवढाच, की गाडी लेट असली तर घाटकोपरच्या फलाटावरचा माणूस लगेच पुढचा प्रश्न विचारतो: अडकलीय कुठे? कुर्ल्याला, की माटुंग्याच्या सिग्नलला? नेटच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. कंपनीला फोन होतो, राउटर बंद करून चालू केला जातो, आणि तेवढ्याने भागले नाही तर महिना शे-दोनशे रुपये जास्त मोजून 'मोठा प्लॅन' घेतला जातो. दुखणे बहुधा तसेच राहते.

'पॅकेट लॉस' हा शब्द आपल्या घरांत आणला तो ऑनलाइन खेळ खेळणाऱ्या मुलांनी. खेळताना समोरचा गडी एकदम दिसेनासा होतो आणि दोन पावले पलीकडे उगवतो, आपण झाडलेली गोळी हवेत विरते, पुढे गेलेले पाऊल मागे खेचले जाते. मोठ्यांना ही तक्रार फुकटची वाटे. मग २०२०-२१ च्या टाळेबंदीत शिक्षकांनी महिनोन् महिने तुटक आवाजात वर्ग घेतले, तेव्हा त्यांनाही तोच रोग भेटला. या रोगाचे निदान कसे करायचे, ते लोकांनी कसकसे शोधून काढले, आणि त्या गोष्टीत जुहू, पवई, वेसावे ही आपली नावे कोठे येतात, ते या लेखात पाहू या.

मुळात 'कोठे?' हा प्रश्न इंटरनेटपेक्षा जुना आहे. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकली. अशी केबल मध्येच बिघडली तर हजारो किलोमीटर पाण्याखाली पाहणार कोण? तेव्हाचे तंत्रज्ञ किनाऱ्यावर बसूनच तारेचा विद्युतरोध मोजत. तांब्याच्या तारेचा दर मैलाला रोध किती हे केबल टाकतानाच नोंदवलेले असे. वेष्टन फाटून तार जेथे समुद्राच्या पाण्याला भिडली असेल तेथपर्यंतचाच रोध मोजणीत येई; भागाकार केला की अंतर हाती. दोन्ही टोकांकडून मोजले तर आणखी नेमके. दहावीच्या विद्यार्थ्याला ओहमचा नियम शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. पाठ्यपुस्तकातल्या तीन रोधांच्या जोडणीपेक्षा ते जास्त लक्षात राहते.

तारायंत्रात एक तार म्हणजे एक रस्ता होता. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे निराळी कल्पना मांडली. निरोप अखंड पाठवायचा नाही; त्याची छोटी पुडकी करायची, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि जाळ्यात सोडून द्यायची. वाटेतला प्रत्येक नाका पुडके घेतो, पत्ता वाचतो, पुढच्या नाक्याकडे ढकलतो. 'पॅकेट' हे नाव डेव्हिस यांचे. या पद्धतीत एक गोष्ट सुरुवातीपासून मान्य केलेली आहे, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. जाळे पुडके पोचवण्याचा प्रयत्न करते, हमी देत नाही. नाक्यावर रांग फार वाढली आणि ठेवायला जागा उरली नाही, तर पुडके सरळ टाकून दिले जाते. कोणाला कळवलेही जात नाही.

हमी हवी असेल तर ती टोकाच्या संगणकांनी आपापसांत तयार करायची. पुडक्यांना क्रमांक द्यायचे, पोच मागायची, पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचे. हे काम करणारी नियमावली म्हणजे टीसीपी. पण सगळ्यांना ही हमी परवडते का? डॅनी कोहेन हे शास्त्रज्ञ १९७० च्या दशकात जाळ्यावरून माणसाचा आवाज पाठवण्याचे प्रयोग करत होते. त्याआधी त्यांनी संगणकावर विमान उडवण्याचा आभास तयार केला होता, म्हणजे आजच्या खेळांच्या आजोबांपैकीच एक. हरवलेले पुडके पुन्हा मागवेपर्यंत बोलणे पुढे निघून जाते, असा त्यांचा आक्षेप होता. अंधेरी स्थानकात गाडी सुटून गेल्यावर तिची घोषणा झाली तर ती बिनचूक असूनही कोणाच्या कामाची? १९७८ मध्ये मूळ टीसीपीचे दोन भाग केले गेले: पत्ता पाहून पुढे ढकलणारा आयपी आणि हमी देणारा टीसीपी. १९८० मध्ये यूडीपी ही तिसरी, अगदी साधी नियमावली आली. ती हमी देत नाही आणि वाटही पाहत नाही. आजचे वेगवान ऑनलाइन खेळ आणि व्हिडिओवरचे वर्ग मुख्यतः तिच्यावरच चालतात. म्हणूनच पत्र उशिरा पोचते पण अखंड पोचते, आणि खेळ मात्र तुटतो.

खेळात नेमके काय होते ते आकड्यांत पाहू. काही खेळांत सर्व्हरकडून दर सेकंदाला ६४ बातम्या येतात: कोण कोठे आहे, कोणी काय केले. शंभरात दोन पुडकी गळत असतील तर सेकंदाला सरासरी एकाहून थोडी अधिक बातमी बुडते. खेळ तेवढ्यासाठी थांबत नाही, अंदाज करतो. गडी डावीकडे धावत होता, तर आणखी थोडा डावीकडे गेला असेल असे धरून तो चित्र काढतो. इंटरनेटवरच्या खेळात अशी युक्ती गाजली ती १९९६ च्या 'क्वेकवर्ल्ड'पासून. पुढची बातमी आली की अंदाज दुरुस्त होतो. चूक मोठी असेल तर गडी झटक्याने जागा बदलतो. मुलांना दिसते ते हेच.

आता जुहूकडे वळू. १९८५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या एका केंद्रातून राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, ही स्वतंत्र संस्था झाली. ती जुहूला होती आणि तिचे संचालक होते डॉ. श्रीनिवासन रमणी. (पुढे ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. २०१४ मध्ये रमणी यांचे नाव 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये नोंदवले गेले.) भारत सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये 'अर्नेट' हे शिक्षण-संशोधनाचे जाळे सुरू झाले. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, एनसीएसटी आणि खुद्द तो विभाग असे आठ भागीदार होते. १९८६-८७ च्या सुमारास पहिल्या पत्रांची देवघेव झाली ती जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात, साध्या टेलिफोनवरून. दहा-बारा किलोमीटरचे अंतर! देशातल्या ई-मेलची बाराखडी गिरवली गेली ती अंधेरीच्या या दोन बाजूंना, हे आपल्या उपनगरांतल्या फार थोड्या शाळांत सांगितले जात असेल.

तेव्हा हरवणे दिसत नसे. एक संगणक दुसऱ्याला फोन लावी, साठलेली पत्रे देई, फोन ठेवी. ओळीवर खरखर झाली तर तुकडा पुन्हा पाठवला जाई, आणि फोनच तुटला तर पुन्हा लावला जाई. माणसाला जाणवे तो फक्त उशीर. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली-मुंबई अशी पहिली कायमची भाड्याची वाहिनी आली. तिचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. त्या काळी लांबच्या मार्गावर पुडके सहसा ५७६ बाइटपेक्षा मोठे करत नसत. ५७६ गुणिले ८ म्हणजे ४,६०८ बिट. एक पुडके वाहिनीत शिरायलाच अर्धा सेकंद. नाक्यावर वीस पुडकी रांगेत असतील तर एकविसाव्याला दहा सेकंद थांबणे आले. पाठवणारा अधीर झाला आणि 'हरवले असावे' असे समजून त्याने तेच पुन्हा पाठवले, तर रांग आणखी वाढणार. १९९२ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत ६४,००० बिटांची वाहिनी सुरू झाली, तेव्हा आठही संस्थांची परदेशी वाहतूक त्या एका दारातून जाऊ लागली. आज एका चित्रफितीला ते दार पुरणार नाही.

या अधीरतेचे परिणाम तोवर अमेरिकेने भोगून झाले होते. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कली येथील लॉरेन्स प्रयोगशाळा आणि शेजारचे विद्यापीठ यांच्यातील मार्ग जवळजवळ बंद पडला. दोहोंत अंतर सुमारे ४०० यार्ड, म्हणजे मुलुंड स्थानकाच्या पूर्वेकडून पश्चिमेला जाण्याइतके. सेकंदाला ३२,००० बिटांवरून वेग ४० बिटांवर घसरला, आठशे पटींनी! वाहिनी तुटलेली नव्हती, यंत्रे बिघडलेली नव्हती. प्रत्येक संगणक हरवलेली पुडकी पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि ती पुडकीच रस्ता अडवत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावरचा उपाय प्रसिद्ध केला. पुडके हरवले तर ते 'गर्दी झाली आहे' असा निरोप समजा आणि वेग निम्मा करा. पोच येत राहिली तर हळूहळू वाढवा. आमच्या मते संगणकशास्त्रातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी ही एक आहे, कारण तिने गळतीलाच भाषा बनवले. आजही इंटरनेटवर थोडी गळती ही निरोगी अवस्था असते. निदान करताना 'गळती आहे का' एवढेच विचारून भागत नाही. कोठे, किती, आणि कोणत्या वेळी, हे विचारावे लागते.

ते विचारण्याची साधनेही त्याच काळातली. १९८३ च्या डिसेंबरात अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत माइक मूस यांनी एका संध्याकाळी 'पिंग' हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडी शोधताना ध्वनीचा ठोका पाठवून प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून हे नाव. एक पुडके पाठवायचे, समोरच्याने ते जसेच्या तसे परतवायचे, वेळ मोजायचा. मूस यांनी एक किस्सा सांगून ठेवला आहे. एका इमारतीतले जाळे मधूनमधून तुटत होते. तेथील तंत्रज्ञाने संगणकाला असे शिकवले, की प्रत्येक उत्तराला त्याने मोठ्याने 'पिंग' म्हणावे. मग आवाज मोठा करून तो इमारतभर फिरत एकेक जोड हलवत गेला. एका जोडापाशी आवाज थांबला. सापडला!

दुसरे साधन 'ट्रेसरूट'. तेही जेकबसन यांचेच, १९८७-८८ च्या सुमाराचे. प्रत्येक पुडक्यावर 'किती नाक्यांपर्यंत जगायचे' असा एक आकडा असतो. प्रत्येक नाका तो एकने कमी करतो, आणि शून्य झाला की पुडके टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसे कळवतो. फिरत राहणाऱ्या पुडक्यांनी जाळे भरू नये म्हणून केलेली ही सोय. जेकबसन यांनी ती उलटी वापरली. आकडा मुद्दाम १ ठेवला की पहिला नाका नाव सांगतो, २ ठेवला की दुसरा. अशी सगळी वाट उलगडते.

या साधनाने मुंबईकरांना एक गंमतही दाखवली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली. पण या कंपन्यांची जाळी एकमेकांना देशातल्या देशात पुरेशी जोडलेली नव्हती. त्यामुळे अंधेरीतून मुलुंडला, दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाकडे निघालेले पुडके परदेशी जाऊन परत येऊ शके. काशीस जावे नित्य वदावे ऐकले होते; येथे पुडके न सांगता अमेरिकेची वारी करून येई. २००३ मध्ये स्थापन झालेल्या 'निक्सी' या संस्थेने मुंबईसह काही शहरांत देवघेवीचे नाके उभारले ते हा हेलपाटा वाचवण्यासाठी.

त्याच सुमारास उपनगरांतली वायरिंग बदलत होती. टेलिफोनच्या तांब्याच्या जोडीवर मोडेमच चुका सुधारून घेई. पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरले की खरखर वाढे, पण गळतीऐवजी उशीर दिसे. मग केबल टीव्हीवाल्यांनी एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर तारा टाकून इंटरनेट दिले. या इथरनेटच्या तारेला १०० मीटरची मर्यादा असते. त्यापुढे मध्ये एक स्विच लागतो. तो असे जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या डब्यात. वीज गेली, जोड गंजला, कबुतरांनी घरटे केले, की खालच्या चार इमारतींचे नेट गेले. आता बहुतेक ठिकाणी काचतंतू आला आहे, पण घरात शिरल्यावर शेवटचे दहा मीटर वायफायचेच असतात. नेहमीच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या जागा असतात तीन, आणि बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीत मोबाइलवर दिसतात तीस नावे.

आता प्रत्यक्ष निदान. ते शाळेच्या संगणक कक्षातही करता येईल. प्रथम घरच्या राउटरला पिंग करावे, एकदा वायफायवरून आणि एकदा तारेने. तारेने स्वच्छ आणि वायफायवर गळती किंवा वेळेत मोठे चढउतार दिसले, तर रोग घरात आहे. कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. मग कंपनीचा पहिला नाका, मग खेळाचा सर्व्हर. पण किती वेळा पिंग करायचे? विंडोजमध्ये हा प्रोग्रॅम आपण होऊन चारच पुडकी पाठवतो. खरी गळती शंभरात एक असेल तर चारही सुखरूप परतण्याची शक्यता ०.९९ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ९६ टक्के. शंभर पाठवली तरी एकही न हरवण्याची शक्यता जवळजवळ ३७ टक्के उरते. पाचशे पाठवली तर ती एक टक्क्याच्याही खाली येते. संभाव्यतेच्या तासाला नाणी आणि फासे यांच्या जोडीला हा प्रयोग द्यावा, असे आम्ही सुचवतो. मुलांचा त्यात स्वार्थ आहे, म्हणून ती मोजतीलही.

ट्रेसरूट वाचताना एक फसगत नेहमी होते. मधल्या एखाद्या नाक्यापाशी ४० टक्के गळती दिसते आणि लगेच 'सापडला चोर' म्हणून त्याचे चित्र कंपनीला धाडले जाते. पण त्यापुढच्या सगळ्या नाक्यांवर गळती शून्य असेल तर? तो नाका आपल्या चौकशीला उत्तर देण्याचे टाळतो आहे, एवढेच. पुडकी पुढे ढकलणे हे त्याचे खरे काम आणि ते तो चोख करतो. चौकशांना उत्तर देणे हे फावल्या वेळेचे. एखाद्या नाक्यापासून सुरू झालेली गळती शेवटच्या मुक्कामापर्यंत कायम राहिली, तरच तिला अर्थ. शिवाय परतीची वाट निराळी असू शकते, म्हणून जमल्यास दुसऱ्या टोकाकडूनही मोजावे. केबलवाल्यांचा जुनाच धडा.

आणि 'मोठा प्लॅन'? १९९७ मध्ये मॅथिस आणि सहकाऱ्यांनी जेकबसन पद्धतीच्या टीसीपीचे एक सूत्र दिले. वेग हा गळतीच्या वर्गमुळाच्या आणि जाण्या-येण्याच्या वेळेच्या व्यस्त प्रमाणात असतो. जाण्या-येण्याला ०.१ सेकंद आणि गळती २ टक्के धरून गणित केले तर एका जोडणीला मिळतात सेकंदाला जेमतेम १० लाख बिट, प्लॅन १० कोटी बिटांचा असला तरी. वेग मोजणारी संकेतस्थळे एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतात आणि बहुधा जवळचाच सर्व्हर निवडतात, म्हणून तेथे आकडा झकास दिसतो आणि खेळ तुटतच राहतो.

याच्या उलटही घडते. २०१० मध्ये जिम गेटिस या अभियंत्याला स्वतःच्या घरी आढळले, की मोठी फाइल वर पाठवताना बाकी सगळे सेकंदभर लटकते. कारण उपकरणे बनवणाऱ्यांनी गळती नको म्हणून रांगेसाठी भरमसाट जागा दिली होती. पुडके टाकले जात नाही, त्यामुळे गर्दीचा निरोप मिळत नाही, आणि रांग वाढतच जाते. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तेच जेकबसन यांनी रांगेत फार वेळ ताटकळलेली पुडकी मुद्दाम टाकण्याची पद्धत सुचवली. आपल्याकडे ताईचा फोन दिवसभराचे फोटो वर चढवू लागला की दादाचा खेळ बिघडतो, त्यामागे अनेकदा हेच असते. फोटो थांबवून पुन्हा पिंग केले की उत्तर मिळते.

शेवटी वेसावे. मुंबईत येणाऱ्या बहुतेक समुद्री केबल अंधेरीच्या पश्चिमेला, वेसाव्याच्या किनाऱ्यावरील काही किलोमीटरांच्या पट्ट्यात जमिनीवर येतात. कोळीवाड्याच्या होड्या ज्या वाळूवर लागतात तिच्या आसपास देशाच्या परदेशी वाहतुकीचा मोठा भाग जमिनीखालून जातो. जून २०१६ पासून मोठ्या संगणक-सेवा कंपन्यांपैकी एकीचे केंद्र मुंबईत आले आणि हळूहळू काही खेळांचे सर्व्हरही शहरात आले. पण सर्व्हर सिंगापूर किंवा युरोपात असला तर पुडक्याला समुद्र ओलांडावाच लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या आणि भारतातही नेट मंदावले. अशा वेळी मुंबईतल्या सर्व्हरचे पिंग स्वच्छ राहते, आणि युरोपकडे जाणाऱ्या वाटेवरच वेळ वाढतो, पुडकी गळतात. घरचा राउटर बदलून उपयोग नसतो.

जानेवारी २००८ च्या अखेरीस अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या, आणि दोनच दिवसांनी दुबई आणि ओमान यांच्यामधली, मुंबईलाही जोडणारी 'फाल्कन' केबल तुटली. एकामागून एक तुटल्याने घातपाताच्या अफवा उठल्या. काचतंतूतील अशी तूट शोधण्यासाठी किनाऱ्यावरून प्रकाशाचा ठोका सोडतात आणि परावर्तित होऊन यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात. १८७० मध्ये रोध मोजत, आता प्रतिध्वनीची वेळ मोजतात. दुरुस्तीचे जहाज फाल्कनच्या तुटलेल्या जागी पोचले तेव्हा तेथे केबलशेजारी पाच-सहा टनांचा एक टाकून दिलेला नांगर सापडला.